मुळी आपली, मग वही कोणाची?

आमच्या डोणगावात पारावर बसणाऱ्या मंडळींना एक वाक्य फार प्रिय आहे : "हे सारे आपल्याकडे आधीच होते!" विमान असो, अणू असो की रक्तदाबाची गोळी, वाक्य तेच. मी पडलो शाळामास्तर, त्यातून चार कादंबऱ्यांचा धनी. तेव्हा तेच वाक्य मी अधिक सजवून बोलत असे. "मुलांनो, रक्तदाबाचे औषध आपल्या रानातल्या सर्पगंधेच्या मुळीतून निघाले. साहेबाने नाव तेवढे नवे दिले!" मुले टाळ्या वाजवीत.

माझ्या थोरल्या दादांनी ते मनावर घेतले. दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या त्यांनी सोडल्या आणि बाजारात पाल ठोकून बसलेल्या एका जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधेची म्हणून भुकटी आणली. "तूच तं सांगतं ना बापू, मुळी आपलीच हाये. मंग गोळी काऊन खाऊ?" मी हसलो. होय, हसलो. पुढे ऐन सोयाबीनच्या सोंगणीत दादांचा उजवा हात गेला, वाचाही गेली.

म्हणून ऐन दिवाळीत हे भांडण उकरून काढतो आहे; त्यातले पहिले माझ्याशीच आहे.

मुळी आपली, हे खरेच. झोप लागत नसली, डोके फिरले, सर्पदंश झाला, तर ती देत. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असेही लिहिले. पण मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केले काय? ५० रोगी घेतले. दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याचा आकडा लिहिला, मुळीचे औषध दिले, पुन्हा आकडा लिहिला. १९४९ साली हा हिशेब 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडात त्या मुळीतले रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. साहेबाने चोरली म्हणता, तर वही लिहिणारा मुंबईकरच निघाला की!

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी. ताप अंगाला कळतो, गळू ठणकते. हा मात्र पाऊल न वाजवता घरात शिरतो आणि मेंदूतली रक्तवाहिनी फोडून तरी जातो, नाहीतर बुजवून. अशा चोराविरुद्ध आकड्याखेरीज साक्षीदार नाही. पूर्वजांजवळ तो पट्टा नव्हता, त्यात त्यांचा कमीपणा कसला?

अमेरिकेत १४३ रोग्यांवर एक परीक्षा झाली, तिचा निकाल १९६७ साली लागला. सुमारे निम्म्यांना रिसर्पिन आणि जोडीला दोन औषधे, बाकीच्यांना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या. पोकळ गोळ्यांच्या बाजूला २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, औषधाच्या बाजूला दोघांवर. आपली मुळी दोघांच्या बाजूला होती! हा अभिमान मला चालेल. पण अशाच वह्यांनी हेही सांगितले, की या औषधाने काहींच्या मनाला खोल उदासी येते. मात्रा कमी करावी लागली; पुढे सोसायला सोपी औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले. पारावर बसून हे कसे कळले असते?

"मग परंपरा टाकून द्यायची का, गुरुजी?" असे मला विचारतात. कोण म्हणतो टाका? झाडपाला म्हणून मुळीला हसणारे शिकलेले लोकही मी पाहिले आहेत. वकील त्यांच्यासारखे हसत बसले असते तर हे औषध निघालेच नसते. माझे म्हणणे एवढेच, की दादांच्या पुडीवर ना वजन होते, ना तारीख. आत मुळी किती आणि माती किती, देव जाणे.

आता पुतणी रोज सकाळी त्यांच्या दंडाला पट्टा बांधते आणि चाळीसपानी वहीत दोन आकडे लिहिते. शेजारी दादा डाव्या हाताने वाकडीतिकडी सही करतात. सर्पगंधेची गोष्ट निघाली की मी ती वही वर्गात फिरवतो. आजचा आकडा १३४ आणि ८२ आहे.