दोनच पायऱ्या

‘आई, तू घरीच बस, हवे ते आम्ही आणून देऊ.’ चतुर्थी आठवड्यावर आली की गोमंतकातील घरोघरी हे वाक्य ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणारीही ती माया ओळखून मुकाट्याने मान हलवते. चाळीस-पन्नास वर्षे जिने माटोळीचे एकेक फळ स्वतः पारखून घेतले, तिचा बाजाराशी असलेला संबंध अशा एका प्रेमळ वाक्याने कायमचा तुटतो. या वाक्याला आपण मातृभक्ती म्हणतो. मला ती शरणागती वाटते. आणि शरणागती तरी कोणापुढे? दुकानाच्या दारातील दोन पायऱ्यांपुढे!

कोणी म्हणेल, सामान घरी आल्याशी कारण. हल्ली तर नुसता फोन केला की सारे दारात येऊन पडते. असे म्हणणाऱ्याने बाजार म्हणजे काय, हे कधी जाणलेच नाही. चिबूड हुंगून घ्यावयाचे असते, नारळ कानाशी धरून हलवून पाहावयाचा असतो, लुगड्याचा पोत बोटांना कळावा लागतो. भाव करता करता विकणारणीच्या लेकीबाळींची चौकशी होते; वाटेत एखादी दूरची नातलग भेटते आणि वर्षभराची ख्यालीखुशाली कळते. वृद्धपणी स्वतःच्या मर्जीने काही ठरवण्याचे प्रसंग एकामागून एक कमी होत जातात. पैशांचा व्यवहार मुलाच्या हाती जातो, स्वयंपाकघर सुनेच्या. राहता राहिला बाजार. तेथे ‘हे नको, ते दे’ असे म्हणण्याचा जो अधिकार उरलेला असतो, तो काढून घेऊन त्याच्या मोबदल्यात सामानाची पिशवी हाती ठेवणे हा काही न्याय्य व्यवहार नव्हे.

बरे, आईला बाजारास न्यावयाचे ठरवले तर काय काय करावे लागते, तेही पाहा. माझ्या आईचे गुडघे झिजले आहेत. काठीच्या आधाराने ती पन्नास पावले चालते. त्यापुढे तिला बसावे लागते. तिला पणजीच्या अठरा जून मार्गावर खरेदीस नेणे म्हणजे एक लहानशी मोहीमच आखणे होय. म्हापशास जावयाचे तर शुक्रवार टाळावा लागतो, कारण त्या दिवशीच्या गर्दीत काठी टेकण्यासही जागा मिळत नाही. पणजीतही दुकाने उघडता उघडता पोहोचावयाचे आणि उन्हाच्या आत परतावयाचे. दुकाने दोनच निवडावयाची, तीही एकमेकांना लागून असलेली. वाहन दाराशी उभे राहू शकेल काय, आत टेकावयास खुर्ची आहे काय, प्रसाधनगृह जवळ आहे काय आणि तेथे गुडघे न दुमडता बसता येते काय, हे सारे आदल्या दिवशी विचारून ठेवावयाचे. या शेवटच्या गोष्टीची खात्री नसेल तर पुष्कळ वृद्ध स्त्रिया बाहेर पडावयाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. किती मुलांच्या हे ध्यानात येते? घडीची चाकांची खुर्ची बरोबर घेतली तरी तिचा उपयोग होईलच असे नाही, कारण पदपथ दुचाक्यांनी अडवलेला असतो.

अशीच पूर्वचौकशी करताना एका कापडाच्या दुकानात मी पायऱ्या किती, असे विचारले. ‘दोनच आहेत, वकीलसाहेब,’ असे उत्तर मिळाले. त्या ‘दोनच’ शब्दात सारा प्रश्न सामावला आहे. धडधाकट माणसाला दोन पायऱ्या दिसतसुद्धा नाहीत. झिजलेल्या गुडघ्याला मात्र, शेजारी कठडा नसेल तर, नऊ इंचांची एक पायरीदेखील भिंतीसारखी वाटते. त्यातही चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचक, कारण तेव्हा शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्याला पेलावा लागतो. आई कशीबशी चढली. उतरताना दोघांनी तिला धरून खाली घेतले. भर रस्त्यात चारचौघांदेखत आपल्याला असे उतरवले, याचा संकोच खरेदीच्या आनंदाहून मोठा ठरला. पुढच्या खेपेस ती आपण होऊनच म्हणाली, ‘मी घरीच बसते.’ आमची वडीलधारी माणसे अशी स्वखुशीने घरी बसत असतात!

या बाबतीत कायदा मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या मननीय आहे. दीर्घकाळचे वैगुण्य आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडून जिच्या समाजातील बरोबरीच्या सहभागास बाध येतो, ती दिव्यांग व्यक्ती. म्हणजे दोष एकट्या गुडघ्याचा नाही, पायरीचाही आहे, हे आपल्या संसदेने मान्य केले आहे. चाळीस टक्के वैगुण्याचा दाखला नोकरीतील राखीव जागांसारख्या लाभांसाठी लागतो; दारातून आत जाण्यासाठी कायद्याने तो मागितलेला नाही. ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत लोकांच्या वापरातील खासगी इमारतही येते, व्यापाराची येते आणि धार्मिक कार्याचीही येते. जुन्या इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम कराव्यात, असे ४५ वे कलम सांगते. ते नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. ती पाच वर्षे २०२२ साली उलटून गेली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत आहे. आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखण्यास केंद्र सरकारला फर्मावले. अधिनियमाच्या उल्लंघनाबद्दल पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची भाषा मला प्रिय नाही. परंतु जे कर्तव्य कायद्याने इमारतीच्या धन्यावर घातले आहे, ते मुलाच्या खांद्यावर ढकलून वर त्याला सेवेचे नाव द्यावे, हेही मला मान्य नाही.

व्यापारी बंधूंचे आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला पावसाचा. पाणी आत शिरू नये म्हणून आमची जोती उंच असतात, असे ते म्हणतात. खरेच आहे, जोते खाली आणा असे कोणी म्हणत नाही, त्यावर चढण्याची सोय ठेवा एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप जागेचा. एक फूट उंची चढावयास बारा फूट लांबीचा उतार लागतो. तो अरुंद गल्लीत बसवावा कोठे? या आक्षेपात तथ्य आहे. पण जेथे बारा फूट मिळत नाहीत तेथे कठडा बसवता येतो. एका उंच पायरीच्या दोन ठेंगण्या करता येतात. दाराशी खुर्ची मांडून माल बाहेर आणून दाखवता येतो. कायदा जिला ‘वाजवी सोय’ म्हणतो, ती याच जातीची असते. माटोळीच्या बाजारात जमिनीवर बसलेली विकणारीण आईची काठी पाहून आपण होऊन उठते आणि फळ तिच्या हातात आणून देते. तिने कोणताही अधिनियम वाचलेला नाही. तिसरा आक्षेप, ‘अशी गिऱ्हाइके येतात तरी किती?’ येतील कशी? २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढची माणसे शंभरांत अकराहून अधिक होती. देशाच्या सरासरीहून हे प्रमाण पुष्कळच जास्त. ती सारी माणसे बाजारात दिसत नाहीत, याचे कारण त्यांना काही नको असते हे नव्हे. दारातून परत फिरलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कोणत्या खातेवहीत होते?

सरकारही यातून सुटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांसाठी ‘पर्पल फेस्ट’ भरवून गोव्याने देशात नाव मिळवले. उत्सव स्तुत्यच होता. पण उत्सवाचे मांडव उतरतात आणि पायऱ्या जागच्या जागी राहतात. २०२३ आणि २०२४ साली याच शहराचे रस्ते सुधारणेच्या नावाखाली ठिकठिकाणी खोदले गेले. पदपथाच्या कडा उतरत्या करण्याची ती आयती संधी होती. ती प्रत्येक नाक्यावर साधली गेली काय, हे नगरपित्यांनी एकदा स्वतः चाकांची खुर्ची ढकलीत जाऊन पाहावे.

आता थोडे आपल्याविषयी. श्रावणबाळाची कथा आपण मुलांना सांगतो. त्याने आंधळ्या मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेस नेले. ‘तुम्ही आश्रमातच बसा, मी तीर्थाचे पाणी कमंडलूतून आणून देतो,’ असे तो म्हणाला असता तर त्याचे श्रम वाचले असते. पण त्याची कथा मात्र कोणी सांगितली नसती. त्याचे मोठेपण त्यांना बरोबर नेण्यात आहे. ज्या समाजाने हा आदर्श शिरोधार्य मानला, त्याने निदान कावडीला वाट तरी मोकळी ठेवावी.

आरंभ आपल्या देवळांपासून व्हावा. देवस्थान समित्यांनी आणि महाजनांनी सभामंडपाच्या पायऱ्यांना कठडा बसवावा, जमेल तेथे उतार करावा, वृद्धांसाठी बाके मांडावीत. ज्या देवस्थानांच्या मालकीचे दुकानगाळे आहेत, त्यांनी करार नव्याने करताना सुगम प्रवेशाची अट त्यात घालावी. दोन ओळींचे ते काम आहे. व्यापारी मंडळींनी चतुर्थीपूर्वी आठवड्यातील एखादी सकाळ वृद्ध गिऱ्हाइकांसाठी राखून पाहावी. आणि मुलांनी? आईला घरी बसवण्याऐवजी दुकानदाराला पायऱ्या विचाराव्यात, उत्तर ‘दोनच’ असे आले तर कठडा मागावा, आणि तो मिळाला नाही तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी. आरंभास साधे पत्र पुरते. एका पत्राने पायरी हलणार नाही. शंभर पत्रे आली तर ती तशीच ठेवणे मात्र कोणालाही सोपे जाणार नाही.