भंगारवाला जे घेत नाही

थर्मोकोलच्या पार्सल डब्यांवर बंदी घालण्याचा कायदा न्यूयॉर्क शहराने २०१३ च्या अखेरीस केला. बंदी प्रत्यक्षात आली १ जानेवारी २०१९ रोजी. मधली वर्षे एका प्रश्नावर खर्ची पडली: या डब्यावर परवडेल अशी पुनर्प्रक्रिया होऊ शकते का? होऊ शकते असे सफाई आयुक्तांना आढळले, तर बंदी येणार नव्हती. आयुक्तांनी २०१५ च्या आरंभी 'नाही' म्हटले आणि उद्योग न्यायालयात गेला. डार्ट कंटेनर या बड्या उत्पादक कंपनीने यंत्रांचा खर्च उचलायची, पाच वर्षे मालाला गिऱ्हाईक मिळेल अशी हमी द्यायची तयारी दाखवली होती. न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय त्याच वर्षी रद्द केला. शहराने पुन्हा तपासणी केली, २०१७ मध्ये तोच निष्कर्ष काढला आणि २०१८ मध्ये तो न्यायालयात टिकला.

माझ्या मते त्या हमीतच उत्तर होते. रद्दी, लोखंड, पाण्याच्या बाटल्या विकल्या जाव्यात म्हणून कारखानदाराला हमी द्यावी लागत नाही. भंगारवाला त्या आपणहून नेतो. थर्मोकोलच्या डब्यात ९५ टक्क्यांच्या आसपास हवाच असते. ट्रक भरतो, वजन भरत नाही. त्यात तेल-रस्सा लागलेला असला की धुण्याचाच खर्च मालाच्या किमतीवर जातो. प्रयोगशाळेत पुनर्प्रक्रिया होते, हे खरेच. पण कचरा उचलण्याचा आणि तुंबलेली गटारे उपसण्याचा खर्च पालिकेच्या माथी असतो. म्हणून बंदीचा अधिकारही तिचाच असायला हवा.

कागदी डबा वजनाने जड, तो बनवायला झाडे आणि पाणी लागते, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लगद्याच्या काही वाट्यांना तेल झिरपू नये म्हणून लावलेली फ्लोरिनयुक्त रसायनेही घातक आहेत. सॅन फ्रान्सिस्कोला २०१८ मध्ये त्यांच्यावर वेगळी बंदी घालावी लागली. तेव्हा पर्यायही तपासूनच निवडावा लागेल. पण थर्मोकोलचा हलकेपणा हाच त्याचा दोष आहे: तो वाऱ्याने उडतो, त्याचे मणी सुटतात आणि नाल्यात गेलेले मणी कोणीच वेचू शकत नाही.

छोट्या विक्रेत्याच्या खर्चाचा आक्षेप मात्र मला सर्वांत रास्त वाटतो. वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यवसायांना अडचण सिद्ध करून सवलत मागण्याची सोय न्यूयॉर्कने ठेवली. महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीत पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. गाडीवर पोहे विकणाऱ्याची ती कित्येक दिवसांची कमाई, घाऊक व्यापाऱ्याला ती किरकोळ. पालिकांची पथके आधी कारखान्यांत आणि घाऊक गोदामांत जायला हवीत; तिथला माल थांबला, तर गाडीवाल्याची पावती फाडायची वेळच क्वचित येईल.