एजंटचा भाव नको, दस्तातला भाव दाखवा!

कल्याण-डोंबिवलीकरांनो,

तुमच्या घराचा आजचा भाव तुम्हाला कोणी सांगितला? एजंटने, शेजाऱ्याने, नाहीतर मोबाइलवरच्या जाहिरातीने. तो मागितलेला भाव. मिळालेला भाव दुय्यम निबंधकाकडच्या दस्तात असतो. त्या दस्ताचा इंडेक्स टू निघतो आणि त्यात मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. त्या नोंदीसाठी आपण मुद्रांक शुल्क भरतो, नोंदणी फी भरतो. मग ही माहिती आपल्यापर्यंत का पोहोचत नाही?

भाचीसाठी घर बघत होतो तेव्हाची गोष्ट. एजंट म्हणाला, "काका, या भावाखाली इथे काही मिळणार नाही." टोकन देण्याआधी त्याच इमारतीतले दोन इंडेक्स टू मिळवले, एक त्याच मजल्यावरचा आणि अवघ्या चार महिन्यांपूर्वीचा. दोन्हींतला मोबदला त्याच्या आकड्यापेक्षा काही लाखांनी कमी होता. कागद टेबलावर ठेवले. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "बसून बोलू." त्या दोन कागदांनी भाचीच्या कर्जाचा हप्ता कमी केला. ज्यांना हे कागद काढता येत नाहीत त्यांचं काय?

"मुंबईत घरं महागली" ही बातमी आपल्या काही कामाची नाही. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. गाडी पुढे सरकते तसा भाव उतरतो, पण सरळ रेषेत नाही. डोंबिवलीतच फडके रोडजवळचा जुना ब्लॉक आणि शेअर रिक्षाने गाठायचं घर यांचा बाजार वेगळा. जिथे टँकरची वाट बघावी लागते तिथला आणखी वेगळा. मेट्रोचे खांब उभे राहण्याआधीच जाहिरातीतला भाव उभा राहतो. या सगळ्यांची सरासरी काढून कोणाच्याही हाती काही लागत नाही. एखाद्या तिमाहीत मोठ्या टॉवरमधले शंभर महागडे फ्लॅट एकदम नोंदले गेले, की सरासरी उडी मारते आणि तुमच्या तीस वर्षांच्या इमारतीतला भाव मात्र आहे तिथेच असतो. तरीही विकणारा त्या उडीकडे बोट दाखवतो. म्हणून आम्ही सरासरी मागत नाही. सगळे व्यवहार चढत्या क्रमाने लावून बरोबर मधोमध येणारा भाव मागतो.

फुटांची फसवणूक तर रोजची. रेरा कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि नव्या प्रकल्पांत कार्पेट सांगणं बंधनकारक झालं. जुन्या घरांच्या सौद्यात अजूनही बिल्ट-अपवर भाव ठरतो. समजा, ६५० फूट सांगून ६५ लाख मागितले, म्हणजे फुटाला १० हजार. कार्पेट ४३० निघालं तर तोच भाव १५ हजारांवर जातो.

रेडी रेकनर आहे की, असं कोणी म्हणेल. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे, बाजाराचा आरसा नव्हे. २०२२ मध्ये वाढवलेले दर पुढची दोन वर्षं तसेच ठेवले आणि १ एप्रिल २०२५ ला पुन्हा वाढवले. मधल्या काळात बाजार काय थांबला होता? आणि तुम्ही रेकनरपेक्षा स्वस्तात घर घेतलं, तरी शुल्क जास्तीच्या आकड्यावरच भरावं लागतं.

स्वस्त भाव दिसला की हुरळून जायचीही सोय नाही. खोट्या परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या आपल्याकडच्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आयुष्याची पुंजी घालून तिथे राहायला गेलेल्या माणसांकडे बघा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) असलेल्या आणि नसलेल्या घरांचे भाव एका ओळीत मांडणं हे पाप आहे.

आमची मागणी एकच. नोंदणी विभागाने दर तीन महिन्यांनी प्रभागवार तक्ता जाहीर करावा: किती घरं विकली गेली, कार्पेट फुटाला मधला भाव काय, नवं किती, जुनं किती, ओसी आहे की नाही. आज ऑनलाइन शोध आहे, पण गाव, वर्ष, मिळकत क्रमांक टाकून एकेक दस्त उकरावा लागतो. रिझर्व्ह बँक नोंदणीच्याच आकड्यांवरून दर तिमाहीला घरभावाचा निर्देशांक काढते, पण त्यात अख्ख्या शहराचा मिळून एक आकडा. गणित जमतं, मग प्रभागापर्यंत का उतरत नाही?

"दस्तातला आकडा तरी कुठे खरा असतो, रोकड वेगळीच असते," असं सांगून काहीजण हा विषय उडवून लावतात. काही व्यवहारांत तसं घडतं, मान्य. पण कर्ज काढून घर घेणाऱ्याला बँक करारातल्या आकड्यावरच पैसे देते आणि नोकरदाराकडे द्यायला रोकड नसते. शिवाय शेजारच्या वीस दस्तांत भाव एक आणि एकविसाव्यात निम्मा दिसला, तर प्रश्न कोणाला विचारायचा तेही कळेल.

सरकार करील तेव्हा करील, आपण आजपासून सुरुवात करू. गेल्या वर्षभरात ज्यांनी घर घेतलं किंवा विकलं, त्यांनी इंडेक्स टूची झेरॉक्स काढावी, नावं काळ्या शाईने खोडावीत आणि या पत्रकाशेजारी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टाचावी. तारीख, कार्पेट आणि मोबदला एवढंच दिसू द्या.