बॅटरीशी लग्न, ड्रिलशी मैत्री

शनिवारची सकाळ, तळेगाव स्टेशन, लोणावळा लोकल. डब्यातली निम्मी पब्लिक ट्रेकवाली. पाठीवर सॅक, कमरेला रेनकोट, तोंडी राजमाचीच्या गप्पा. सॅक माझ्याही पाठीवर होती, फक्त तिच्यात पाण्याची बाटली आणि चिक्कीऐवजी एक कॉर्डलेस ड्रिल, दोन बॅटऱ्या आणि चार्जर होता. समोरच्या पोराने विचारलं, ‘‘कुठला ट्रेक?’’ म्हटलं, ‘‘बाथरूम.’’ त्यानंतर कामशेत येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

गंमत सोडा, पण मामला खरंच बाथरूमचा होता. लोणावळ्याला भांगरवाडीत माझे मामा राहतात. वय वर्षं पंच्याहत्तर. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे-मागे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत घरातली फरशी वाळतच नाही. आषाढात एका पहाटे मामांचा पाय सटकला. मनगटावर निभावलं, पण मामींनी धसका घेतला. फोनवर फर्मान सुटलं, ‘‘ते हाताने धरायचं दांडकं असतं ना हॉस्पिटलात, तसं इथे लावून दे.’’

आता बघा. बाथरूममध्ये प्लग पॉइंट नाही आणि जमीन कायम ओली. बाहेरून एक्स्टेन्शन ओढून तिथे वायरचं ड्रिल चालवायचं म्हणजे एका अपघातावर उपाय म्हणून दुसरा अपघात. तेव्हा कॉर्डलेसच हवं. शिवाय आधाराची दांडी म्हणजे फोटोफ्रेम नव्हे. माणूस घसरताना अख्खं वजन तिच्यावर टाकणार. ती भिंतीतून निघून हातात येणार असेल, तर नसलेलीच बरी!

खरं तर कॉर्डलेस ड्रिल माझ्याकडे आधीपासून होतं. तिथेच तर सगळी गोची झाली होती. फ्लॅटचं पझेशन मिळालं त्या दिवाळीत एका ऑनलाइन सेलमध्ये मी ते उचललं. सत्तेचाळीस पिसेसचा सेट, झक्कास ब्रीफकेस, एमआरपीवर भरघोस सूट. कंपनीचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही ऐकलं नाही. पडदे लागले, चावी अडकवायचा हूक लागला, मी जाम खूष. मग हॉलमध्ये पुस्तकांची फळी लावायला घेतली. भिंत आरसीसीची. ड्रिल ओरडलं, तापलं, वास मारायला लागलं, आणि भोक पडलं जेमतेम दोन सेंटीमीटर. मी काय केलं असेल? प्लास्टिकची गिट्टी ब्लेडने अर्धी कापली आणि स्क्रू आवळून टाकला. फळी तीन आठवडे टिकली. पडली ती रविवारी दुपारी. साडेतीन वर्षांची भाची त्याच कोपऱ्यात खेळत होती आणि पाचच मिनिटांपूर्वी आइस्क्रीमसाठी किचनमध्ये गेली होती. ताई काही बोलली नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

दीड वर्षात बॅटरीनेही मान टाकली. नवी शोधायला गेलो, तर त्या आकाराची बॅटरी बाजारातच नाही. ब्रीफकेस मात्र अजून टकाटक आहे.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी डोकं चालवायचं आणि मग कार्ड स्वाइप करायचं. ‘कुठला ब्रँड घेऊ?’ म्हणून मामांनाच फोन लावला. मामांची तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली आहेत. ते म्हणाले, ‘‘अरे, मशीन कुठलं ते नंतर. भिंत कुठली ते आधी सांग.’’

दोस्तांनो, इथेच आपल्यातले निम्मे गंडतात. आपल्या मावळातच बघा ना किती तऱ्हा आहेत. तळेगाव, सोमाटणे, वडगावकडच्या नव्या टॉवर्समध्ये पुष्कळ ठिकाणी अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. काही बिल्डिंगांमध्ये राखाडी, हलक्या, सायपोरेक्ससारख्या ब्लॉक्सच्या. गावातल्या जुन्या घरांना वीट. आणि लोणावळ्या-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांना आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. भाजे आणि कार्ला लेणी कोरली आहेत ना, तोच. त्या काळच्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने तो कातळ फोडला, त्यामुळे बॅटरीवाल्यांनी फार मिजास करू नये.

प्रत्येक भिंतीचं औषध वेगळं. हलक्या ब्लॉकला हॅमर लावायचा नाही, नुसतं फिरवायचं, नाहीतर भोकाचा खड्डा होतो. विटेला साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत टकटक करतात. ठोके भरपूर पण हलके, आणि जोर आपल्याला लावावा लागतो. काँक्रीट आणि कातळाला मात्र रोटरी हॅमरच हवा. त्याच्या पोटात दट्ट्या हवेच्या दाबाने बिटवर ठोका मारतो, आपण फक्त धरून उभं राहायचं. माझी फळी पडली ती ब्रँडमुळे कमी आणि चुकीच्या भिंतीला चुकीचं मशीन लावल्यामुळे जास्त. आणि अर्धी गिट्टी कापण्याची अक्कल तर सर्वस्वी माझी!

भिंत ओळखली की मग ब्रँड. इथे माझा एकच फंडा आहे: ड्रिल विकत घेऊ नका, बॅटरी विकत घ्या. ड्रिल तिच्याबरोबर येतं.

जरा मागे जाऊ. हातात धरायचं इलेक्ट्रिक ड्रिल जर्मनीच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये केलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली ट्रिगर ही रचना ब्लॅक अँड डेकरने १९१७ मध्ये पेटंट केली, आणि ड्रिल आजही तसंच दिसतं. याच कंपनीने १९६१ मध्ये वायर कापून कॉर्डलेस ड्रिल आणलं. १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर बॅटरीवरचं ड्रिल घेऊन चंद्रावर भोकं पाडून आले (तिथेही प्लग पॉइंट नव्हता). पण घराघरांत ही मशिन्स खऱ्या अर्थाने उपयोगी झाली ती २००५ नंतर, लिथियम-आयन बॅटऱ्या आल्यावर. निकेल-कॅडमियमपेक्षा त्या हलक्या आणि पडून राहिल्या तरी चार्ज टिकवणाऱ्या. म्हणजे या खेळात हीरो कायम बॅटरीच आहे.

आणि कंपन्यांना ते चांगलं ठाऊक आहे. प्रत्येकाच्या बॅटरीचा खाचा वेगळा. माकिटाची बॅटरी डिवॉल्टला बसत नाही, डिवॉल्टची बॉशला नाही. इतकंच काय, डिवॉल्ट, स्टॅनले आणि ब्लॅक अँड डेकर या तिघांची मालक कंपनी एकच, तरी बॅटऱ्या वेगळ्या. बॉशच्या घरगुती हिरव्या आणि प्रोफेशनल निळ्या मशिन्सचंही तेच. एकदा एका खाचेत शिरलात की पुढचं ग्राइंडर, जिगसॉ, ब्लोअर सगळं त्याच घराण्यातून. बॅटरी घरात असेल तर पुढची मशिन्स नुसती, म्हणजे बॅटरी-चार्जरशिवाय घेता येतात आणि ती पुष्कळ स्वस्त पडतात. थोडक्यात, ड्रिलशी मैत्री असते, लग्न बॅटरीशी लागतं. आणि लग्न करताना आपण घराणं बघतो की नाही?

मग डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका. २० व्होल्ट मॅक्स आणि १८ व्होल्ट यांत काही फरक नाही. आत एका ओळीत पाच सेल असतात. ताजा चार्ज केलेला सेल ४ व्होल्ट दाखवतो म्हणून वीस, काम करताना तो सरासरी ३.६ देतो म्हणून अठरा. तसंच १२ व्होल्टवाली म्हणजे १०.८. खरा आकडा काढायचा तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. तेच ४ अँपिअर-अवरवालीत ७२. पेट्रोलची टाकी केवढी, ते इथे कळतं.

आता सरळ सरळ सल्ला. वर्षातून दोनच भोकं पाडायची असतील तर काही घेऊ नका. मिस्त्रीला बोलवा, चहा पाजा, पैसे द्या. फ्लॅट आहे, फर्निचर जोडायचं, कुंड्यांचे स्टँड, पडदे, स्क्रू असली कामं आहेत, तर १२ व्होल्टचं हलकं मशीन छान. हात दुखत नाही. गावाकडे घर आहे, गच्ची आहे, लाकूडकामाची हौस आहे, तर १८ व्होल्टचं हॅमरवालं. आणि सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील, तर वायरवाला रोटरी हॅमर सोसायटीत चौघांनी मिळून घ्या. त्याची बॅटरी कधी म्हातारी होत नाही, कारण त्याला ती नसतेच.

ब्रँड? बॉश, माकिटा आणि डिवॉल्ट या तिघांत घरगुती कामासाठी तरी उन्नीस-बीसचाच फरक. हिताचीचं जुनं घराणं आता हिकोकी नावाने आहे. बजेट कमी असेल तर स्टॅनले, इंगको, टोटल आहेत. पण रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला, रंग आणि टॉर्क यांच्या चर्चेत अडकण्याआधी काउंटरवर तीन प्रश्न विचाराच. एक, याची नुसती बॅटरी आत्ता दुकानात आहे का आणि केवढ्याला? दोन, याच बॅटरीवर अजून कुठली मशिन्स चालतात? तीन, सर्व्हिस सेंटर पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुठे आहे? तिन्हींची उत्तरं फटाफट आली तर घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा, कारण वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं. पहिल्याच प्रश्नाला दुकानदार ‘मागवून देतो ना साहेब’ म्हणाला, तर नमस्कार करा आणि शेजारच्या दुकानात शिरा.

अमेरिकेतून येणाऱ्या चुलतभावाकडून मागवायचा मोह होतो. जरा थांबा. तिथला चार्जर १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. तसाच लावलात तर धूर. शिवाय इथल्या सर्व्हिस सेंटरवाल्याने तिथली वॉरंटी मानली नाही, तर त्याचा काय दोष? ‘अगदी फिट बसते’ म्हणून मिळणारी बिननावाची बॅटरीही नको. सेलचं रक्षण करणारं सर्किट तिच्यात कसलं आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि लिथियम चिडलं तर पाण्याने सहज विझत नाही.

मी शेवटी काय घेतलं? तिघांतलं निळं, १८ व्होल्ट, हॅमरवालं. कारण अगदी साधं आहे. आमच्या भावजींकडे त्याच खाचेचं ग्राइंडर आधीपासून आहे. आता दोन घरांत मिळून चार बॅटऱ्या फिरतात. तुमच्या जवळच्या माणसाकडे जो रंग आहे, तो घेण्यासारखं शहाणपण नाही!

तर भांगरवाडी. मामांचं घर काळ्या दगडाचं, पण बाथरूम मागाहून विटांत बांधलेलं आणि वर टाइल्स. मामा दारात खुर्ची टाकून बसले. ‘‘आधी हॅमर बंद कर. टाइलवर चिकटपट्टी लाव, म्हणजे बिट घसरायचं नाही. टाइलचं बिट, कमी स्पीड. टाइल पार झाली की मग विटेचं बिट आणि हॅमर.’’ मी ऐकत गेलो. नायलॉनच्या लांब गिट्ट्या या वेळी कापल्या नाहीत. मध्येच लाइट गेली. लोणावळ्यात पावसात जाणारच. मामींनी टॉर्च धरला, काम चालू राहिलं. दोन दांड्या, आठ भोकं, आणि बॅटरीचा एक दिवा तेवढा कमी झाला.

मी आधी स्वतः लटकून बघितलं. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे, हे या निमित्ताने जाहीर करतो. मग मामांनी दांडी धरली, दोनदा हिसका दिला आणि काही न बोलता आत अंघोळीला गेले. टूलरूमवाल्यांचं सर्टिफिकेट असंच असतं.

जाता जाता. मशीन वापरून झाल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. महिनोन्महिने ठेवायची तर निम्मी चार्ज करून, कोरड्या जागी. आणि मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावणं ही बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे. ती दुकानात किंवा ई-कचरा केंद्रावर द्या.

संध्याकाळच्या लोकलला तोच सकाळचा पोरगा भेटला, चिखलात न्हालेला. म्हणाला, ‘‘काय, झाला का बाथरूम ट्रेक?’’ म्हटलं, ‘‘झाला. आणि कोणी घसरलं नाही.’’