फोन तिचा, मग पिन कुणाकडे?

माझ्या चुलत आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. घरात सगळे तिला आक्का म्हणायचे. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. साधन म्हणाल तर हातात एक वेळूची काठी. तेवढ्यावर ती विहिरीवरून पाणी आणायची, भाकऱ्या थापायची, जात्यावर बसायची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आई सांगायची, काळोखात आणि धुरळ्यात डोळस माणसांना दार सापडेना. तेव्हा आक्काच ओरडली, "माझा पदर धरा, दार हिकडं हाय!"

एवढी हुशार बाई. पण आयुष्यभर तिला आलेलं पत्र दुसऱ्याने वाचलं. मनीऑर्डर आली की अंगठा तिचा, पैसे मोजणार घरातलं कुणीतरी!

तेव्हा काही साधनंच नव्हती असं नाही हं. फ्रान्सच्या लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्येच छापून प्रसिद्ध केली होती. मुंबईत दादरला अंध मुलींची शाळा १९०० पासून आहे. भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' १९५१ मध्ये ठरलं. पण पाटण खोऱ्यातून दिसत नसलेल्या मुलीला एवढ्या लांब पाठवणार कोण? "हिला शिकवून काय करायचं?" हाच प्रश्न आधी यायचा.

माझ्या वयाच्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी मात्र तिला अंधशाळेत घातलं. सुट्टीत ती ब्रेलची पाटी घेऊन यायची. जाड कागदावर टोच्याने उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे आणि कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचं. आम्ही बघतच राहायचो! एका पुस्तकाचे चांगले चार-पाच जाडजूड भाग व्हायचे. कॉलेजात कॅसेट आल्या. कुणीतरी धडे वाचून भरून द्यायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. पुढे २००८ मध्ये स्वागत थोरातांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. आपल्या भाषेतल्या बातम्या आपल्याच बोटांनी वाचायच्या, याचं अप्रूप तिच्याकडून ऐकावं.

आणि आता माझी पुतणी. तिच्या हातात साधा मोबाईल. त्यातलं 'टॉकबॅक' बोट लागेल ते बोलून दाखवतं. कॉम्प्युटरवर तिला 'एनव्हीडीए' वाचून दाखवतं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने ते २००६ मध्ये सुरू केलं, आणि ते फुकट आहे. त्याआधीची अशी सॉफ्टवेअर आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची होती. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला 'मनी' हे ॲप आणलं. २०१६ नंतरच्या नव्या नोटांनी हाताचे जुने अंदाज चुकवले होते, त्यामुळे त्याची गरजही होतीच. पोरगी पाटणहून एकटी एसटीने कराडला जाते. आक्का असती तर म्हणाली असती, "पोरी, तुजं नशीब थोर!"

मलाही तसंच वाटत होतं. परवा सहज विचारलं, "तुझ्या खात्यात किती जमलेत गं?" ती म्हणाली, "काकू, ते दादाला विचारा. पिन त्याच्याकडं असतो."

मैत्रिणींनो, मला एकदम आक्काचा अंगठा आठवला.

घरच्यांचं म्हणणं, "कुणी फसवलं तर?" अहो, डोळसांना कुणी फसवत नाही का? एका बँकेत तर तिला सांगितलं, घरचं कुणी घेऊन या. खरं तर दिसत नाही म्हणून चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही मोबाईल-इंटरनेटची सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणायचं, तर अंध माणसाने करायचं काय? ती पद्धत सगळ्यांना जमेल अशी करा, असं कोर्टाने बजावलं. कोर्टाला पटलं, पण आपल्या माजघरात अजून पटलेलं नाही!

चूक माझीही आहे. आमच्या बचत गटाची सूचना मी वहीत लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचे. फोटोतलं वाचणारी ॲप्स आली आहेत, पण हाताने लिहिलेलं मराठी ती दर वेळी नीट वाचतीलच असं नाही. पुतणीला नुसतं 'फोटो' एवढंच ऐकू यायचं आणि मीटिंग चुकायची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या पत्रकाचंही तसंच. आपल्याला सुबक अक्षरं दिसतात, तिचा फोन भलतंच काहीतरी बडबडतो. आता मी युनिकोडमध्ये टाईप करते, नाहीतर सरळ बोलून पाठवते. पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात.

तुमच्याही घरात, गल्लीत अशी एखादी लेक असेल. फोन घेऊन दिला म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका. पिन तिचा तिला ठेवू द्या. एखाद्या वेळी चुकेल, शंभर रुपये जातील. आपले कधी गेले नाहीत का?

गेल्या रविवारी पुतणीने नवा पिन घातला. दादाने विचारलं, "किती ठेवलास?"

ती हसून म्हणाली, "न्हाय सांगणार!"