साक्षीदार किती, यापेक्षा त्याने काय पाहिले?



ऊसविकासाच्या माणसाने साक्षीपुराव्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण बेण्याचे, तोडणी-वाहतुकीचे, सामाईक मोटारीचे हिशोबाचे तंटे वकिलाकडे जाण्याआधी आमच्या गट ऑफिसात येतात आणि मिटवायचे काम आमच्या गळ्यात पडते. असाच एक तंटा मिटवताना मी चुकलो.

आडसाली लागणीचे दिवस होते. एका सभासदाने दुसऱ्याला बेणेमळ्यातले को ८६०३२ चे दहा महिन्यांचे बेणे दिले. दोन महिन्यांनी वाद उभा राहिला. घेणारा म्हणाला, ‘तिन्ही खेपा उचलल्या त्याच संध्याकाळी देवळात बसून हिशोब चुकता केला.’ देणारा म्हणाला, ‘निम्मे पैसे येणे आहेत.’ कागद कुणाकडेच नाही. शब्दावर व्यवहार करायची आपल्याला भारी हौस!

घेणाऱ्याने गावातले एक वजनदार गृहस्थ आणले. त्यांनी तारीख, वेळ, रक्कम सगळे घडाघडा सांगितले. देणाऱ्याकडून ट्रॅक्टरवाला आला, तोही त्याचा मेहुणा. त्याला तारीख आठवेना, रकमेचा आकडा दोनदा बदलला. एवढेच म्हणाला, ‘साहेब, ओढ्याजवळ ट्रॉली रुतली होती. तिसरी खेप दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. पैसे तेव्हा बांधावर दिले, उरलेले पाऊस उघडल्यावर देतो म्हणाले.’ मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, ‘तुमचा साक्षीदार कच्चा आहे.’ देणाऱ्याने मुकाट्याने तडजोडपत्रावर सही केली.

पुढे हंगामाचा हिशोब जुळवताना बेणेवाटपाचे रजिस्टर उघडले. तिसरी खेप दुसऱ्या दिवशी सकाळची! नोंद माझ्याच अक्षरातली, रजिस्टर माझ्याच कपाटातले. मग त्या गृहस्थांना जाऊन विचारले, ‘नोटा मोजताना तुम्ही स्वतः पाहिलं का?’ ते म्हणाले, ‘नाही बुवा, मी नंतर आलो. पैसे दिले असं त्यांनीच सांगितलं.’ गृहस्थ खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. ऐकलेले त्यांना पाहिल्यासारखे वाटू लागले होते. हा प्रश्न पहिल्याच दिवशी मी विचारायला हवा होता.

रजिस्टरने निम्मी बाकी सिद्ध होत नाही, हेही खरे. पण जेवढे तपासता येत होते तेवढ्यात मेहुणा खरा उतरला. नात्यातला म्हणून माणूस खोटा ठरत नाही. त्याचे बोलणे जरा जास्त पारखून घ्यावे, इतकेच. आणि घडाघडा बोलणे हा खरेपणाचा दाखला नव्हे. चिखल, रुतलेली ट्रॉली अशा गोष्टी माणसाच्या ध्यानात राहतात, आकडे निसटतात.

कायदाही डोकी मोजत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३४ आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३९ एकच सांगते: अमुक इतके साक्षीदार हवेतच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, मद्रासकडील एका खुनाच्या खटल्यात, साक्षीदारांचे तीन प्रकार केले: पुरता भरवशाचा, पुरता बिनभरवशाचा आणि मधला. मधल्याच्या बोलण्याला दुसरा आधार शोधावा लागतो. आपल्या तंट्यांत बहुतेक मधलेच असतात. उलट, नुसत्या वहीवर विसंबूनही चालत नाही. नव्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे हिशोबवहीतली नोंद एकटी कुणाच्या डोक्यावर देणे बसवू शकत नाही.

म्हणून माझे मत असे, की तंटा मिटवायला बसताना आधी त्या दिवसाचा कागद काढावा – काटा पावती, खेपेची नोंद, बँकेचे पासबुक – आणि मगच साक्षीदाराला बोलवावे. तू कुठे उभा होतास, स्वतः काय पाहिलेस, या व्यवहारात तुझे काय गुंतले आहे, हे विचारावे. त्याचे कपडे आणि गावातले वजन बाहेर ठेवावे.

मी दोघांना पुन्हा बसवले. घेणाऱ्याने बाकीतले निम्मे दिले, उरलेले देणाऱ्याने सोडून दिले. मेहुण्याकडे मी स्वतः जाऊन आलो. चहा दिला त्याने, पण फारसा बोलला नाही.

बेणेवाटपाचे रजिस्टर आता गट ऑफिसात टेबलावरच असते. बेणे उचलल्यावर आपापल्या खेपा दोघांनीही त्यात पाहून सही करावी.