लेबलवर चार, मीटरवर साडेतीन : डबा जोडण्याआधी एवढं वाचा

सर्व गाडीमालकांना, हौशी तरुणांना आणि फिटर बंधूंना कळकळीची विनंती.

दसऱ्याला नवी गाडी दारात येते आणि दिवाळीच्या आत तिच्या डिक्कीत सब-वूफरचा डबा बसतो. जळलेले ॲम्प आणि काळ्या पडलेल्या कॉईली माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतात त्या याच दिवसांत. त्यातला बराच माल मुळात चांगला असतो. घात होतो तो एका आकड्याच्या गैरसमजामुळे.

मागच्या हंगामात एक मुलगा वूफर खोक्यासकट घेऊन आला. "काका, चार ओहमचा सांगून साडेतीनचा गळ्यात मारला." उरलेला अर्धा ओहम भरून काढायला त्यानं वायरीत रेझिस्टर घातला होता आणि टेप गुंडाळून तो डिक्कीच्या गालिच्याखाली सरकवला होता. गालिचा तेवढ्या जागी करपून कडक झाला होता. अर्ध्या ओहममधून पाच अँपिअर गेले तरी साडेबारा वॅट उष्णता होते, आणि ती बाहेर पडायला वाट नव्हती. गाडी वाचली, हे नशीब.

आणि वूफर? तो अगदी बरोबर होता.

मीटर आपल्या सेलमधून थोडासा डीसी करंट सोडतो आणि कॉईलमधल्या तारेचा रेझिस्टन्स तेवढा मोजतो. गाणं म्हणजे मात्र एसी. ते वाजताना कॉईल चुंबकात मागेपुढे हलते, स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंटला जास्त अडवते. हा एकूण अडथळा म्हणजे इम्पीडन्स, आणि तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. रेझोनन्सपाशी तर तो लेबलवरच्या आकड्याच्या कितीतरी पट चढतो. लेबलवरचा 'चार' हा ॲम्पशी जोडी जुळवण्यासाठी ठरवलेला ढोबळ आकडा आहे. इम्पीडन्स त्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, असं आयईसी 60268-5 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणून चार ओहमच्या कॉईलवर मीटर 3.2 ते 3.7 दाखवत असेल, तर तक्रारीला जागा नाही.

आता खरा धोका. "साडेतीन चालतो, तर दोन का नाही चालणार?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. मीटरवरचा साडेतीन हा ॲम्पच्या हिशेबात चारच असतो. दोन म्हणजे सरळ निम्मा भार. ॲम्पनं 20 व्होल्ट दिले तर चार ओहममधून 5 अँपिअर जातात, दोनमधून 10 आणि एकमधून 20. डबल कॉईलच्या वूफरमध्ये ही चूक हमखास होते. चार-चारच्या दोन कॉईली सिरीजमध्ये आठ होतात, पॅरललमध्ये दोन. असे दोन वूफर सगळेच पॅरलल जोडले की उरतो एक. शिवाय ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले की प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो. ॲम्पवर स्टिरिओला किमान दोन लिहिलं असेल, तर ब्रिजला चारच्या खाली जाऊ नका.

म्हणून डबा चालू करण्याआधी एवढं कराच :

1. वूफरच्या वायरी ॲम्पपासून सोडवा. जोडलेल्या अवस्थेत मोजू नका.
2. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि दिसेल तो आकडा वजा करा. पिनांचा 0.3 आणि वूफरवर 3.8 आला, तर कॉईल साडेतीनची.
3. कॉईल थंड असताना मोजा. तांबं 100 अंशांनी तापलं की त्याचा रेझिस्टन्स सुमारे 39 टक्के वाढतो. तासभर वाजलेल्या वूफरचा आकडा धरू नका.
4. कोनला हात न लावता मोजा. हलला की आकडा नाचतो.
5. डबल कॉईल असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मीटरनं 'ओएल' दाखवलं तर कॉईल तुटलेली, शून्याजवळ आला तर शॉर्ट. असा वूफर ॲम्पला लावू नका.
6. शेवटी वूफरची सगळी जोडणी झाल्यावर, पण वायर ॲम्पला लावण्याआधी, तिच्या ॲम्पकडच्या टोकाला पुन्हा मोजा. हिशेब दोन ओहमचा असेल आणि तिथं पावणेदोन दिसला, तर जोडणी बरोबर. 0.9 दिसला, तर कुठेतरी चुकलंय, तिथंच थांबा.

फिटर बंधूंनो, गिऱ्हाइकाला मीटर दाखवून हा फरक समजावून सांगा. दोन मिनिटं लागतात. आणि फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालून गाडी हातात देऊ नका. तो उडाला, म्हणजे त्यानं आपलं काम केलं.

मालकांनो, मीटरवर साडेतीन दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आणि ॲम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कुणाच्याही सांगण्यावरून जाऊ नका. आज रात्री डबा वाजवणार असाल, तर आधी मीटर लावा आणि मगच आवाज वाढवा.